पुतणीला टाइप १ मधुमेह निघालाय – हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्यायलाच हवं का?

बालाघाट
नमस्कार मंडळी. आम्ही केज तालुक्यातले. माझी पुतणी नऊ वर्षांची, चौथीत आहे. दिवाळीनंतर ती रात्री सारखी लघवीला उठायला लागली, मग अंथरूणही ओलं व्हायला लागलं. पाणी तर तांब्याने प्यायची. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला तसं सगळे म्हणाले, जंत झाले असतील. नंतर उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. एका दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून सलाइन लावलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला जोरजोरात धाप लागली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी बोटातून साखर तपासली. मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' दिसत होतं. तिथून थेट आयसीयू. कीटोॲसिडोसिस म्हणाले, म्हणजे इन्सुलिन नसल्याने रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात ते.

पोरगी वाचली आणि आता घरी आहे. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन चालू आहे. पण साखर कधी ६०, कधी ४००. इथले डॉक्टर म्हणतात, एकदा एन्डोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, दाखवा. भावाची कोरडवाहू शेती आहे, शहराची एक खेप म्हणजे रोज बुडतो आणि पैसे जातात ते वेगळेच. इन्सुलिन तर इथेही मिळतं. मग तिथे जाऊन वेगळं काय मिळणार? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

आईची_वही
दादा, माझा मुलगा टाइप १ आहे. सहाव्या वर्षी निघाला, आता अकरावीला आहे. आम्ही सोलापूरचे. तुमचा प्रश्न मलाही तेव्हा पडला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

मिक्स इन्सुलिनमध्ये लवकर काम करणारं आणि सावकाश काम करणारं अशी दोन्ही औषधं ठरावीक प्रमाणात आधीच मिसळलेली असतात. ते टोचलं की जेवणाची वेळ आणि जेवणाचं माप त्याच्याशी बांधलं जातं. लहान पोर एक दिवस दीड भाकरी खातं, दुसऱ्या दिवशी चतकोर खाऊन उठतं. मग ६० आणि ४०० होणारच. त्यात पोरीचा काही दोष नाही आणि वहिनींचाही नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा.

आमच्या हार्मोनतज्ज्ञ मॅडमनी पहिल्याच भेटीत ते बदललं. दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी लवकर काम करणारं, जेवणाच्या मापाने. टोचण्या वाढल्या, पण पोरगं माणसासारखं जेवायला लागलं. त्यांच्याकडच्या आहारतज्ज्ञ ताईंनी मला स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यायला लावला. रोजच्या भाकरीचं पीठ त्यावर मोजायचं. ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे साधारण ३५ ग्रॅम कार्बोहायड्रेट. भाताचं माप ठरलेल्या वाटीने, तीही कच्चा तांदूळ किती लागतो ते मोजून. किती ग्रॅमला किती युनिट हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि ते डॉक्टरच ठरवतात, म्हणून माझा आकडा इथे देत नाही. दोनेक महिन्यांत मला नजरेने भाकरी ओळखू यायला लागली. पुढे मुलगाच सांगायचा, आई आज पापुद्रा जाड आलाय, पीठ जास्त आहे.

तर वेगळं काय मिळतं म्हणाल, तर शिकवण मिळते. औषध तेच, पण ते वापरायचं कसं हे कुणीतरी समोर बसवून, हात धरून शिकवावं लागतं. तालुक्याच्या ओपीडीत बाहेर साठ पेशंट बसलेले असताना ते होत नाही.

डॉ_गावठाण
मी एका तालुक्याच्या गावी एमडी मेडिसिन म्हणून प्रॅक्टिस करतो. आईची_वही यांनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर आहे. थोडी भर घालतो.

एन्डोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे मेडिसिन किंवा बालरोगात एमडी झाल्यावर आणखी तीन वर्षं फक्त ग्रंथी आणि हार्मोन्स शिकलेला माणूस, डीएम किंवा डीआरएनबी. असे तज्ज्ञ देशातच कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. पाटीवर 'डायबेटॉलॉजिस्ट' लिहिलेले सगळे डीएम नसतात. काहींनी मधुमेहाचा छोटा कोर्स केलेला असतो. त्यातले बरेच जण मोठ्यांचा टाइप २ उत्तम सांभाळतात, पण नऊ वर्षांच्या मुलीसाठी शक्यतो मुलांचे हार्मोनतज्ज्ञच बघावेत.

ते जे बघतील आणि मी कदाचित बघणार नाही, ते सांगतो. हा खरंच टाइप १ आहे का, यासाठी गरज वाटल्यास जीएडी अँटिबॉडी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का ते दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी) या रक्ततपासण्या करतील. बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत मधुमेह निघाला तर तो बहुधा एका जनुकाच्या दोषातून आलेला असतो. त्यातल्या काही बाळांचं इन्सुलिन बंद होऊन चक्क गोळीवर भागतं. तुमच्या पुतणीचं वय तसं नाही, पण कुणाच्या घरी असं बाळ असेल तर जनुकीय तपासणी झाल्याशिवाय राहू नका. टाइप १ सोबत थायरॉइड आणि सिलिॲक, म्हणजे गव्हाच्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार, हे दोन्ही जास्त आढळतात. त्यासाठी रक्त तपासतील. उंची-वजन तक्त्यावर मांडतील, कारण साखर ताब्यात नसेल तर मूल खुरटतं. मुलीची पाळी सुरू व्हायच्या सुमारास इन्सुलिनची गरज एकदम वाढते, तेव्हाही त्यांची मदत लागेल. आणि टोचण्याच्या जागेवर हात फिरवून बघतील. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ येते, त्या गाठीतून इन्सुलिन धड शोषलं जात नाही आणि घरच्यांना साखर का हलते ते कळत नाही.

दर आठवड्याला शहर गाठायची गरज नाही. सुरुवातीला एक-दोन भेटी जवळजवळ, मग तीन-चार महिन्यांतून एकदा. मधल्या काळात तुमचे गावचे डॉक्टर आणि फोन. ज्यांनी तुम्हाला तज्ज्ञाकडे जा म्हणून सांगितलं ते चांगले डॉक्टर आहेत, त्यांना सोडू नका.

बीड जिल्ह्याला छत्रपती संभाजीनगर जवळ पडेल. तिथे टाइप १ च्या मुलांसाठी 'उडान' ही संस्था काम करते, गरीब घरच्या मुलांना मदतही करते. नागपूरला 'ड्रीम ट्रस्ट' आहे. मुंबईत परळचं केईएम आणि वाडिया, पुण्यात जहांगीर आणि तिथलं केईएम. कुठेही जायच्या आधी फोन करून ओपीडीचा वार विचारा. हार्मोनची ओपीडी अनेक ठिकाणी रोज नसते.

वर्धाकर
मी औषध दुकान चालवतो. बालाघाट दादा, एक गोष्ट आजच्या आज घरी जाऊन बघा. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज एकमेकांना जुळतात का?

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटर असतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं आणि काही बाटल्यांमधलं १०० युनिटचं असतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. सिरिंजवर रेघा युनिटच्याच असतात, म्हणून माणूस फसतो. ४० वाली बाटली आणि केशरी सिरिंज अशी जोडी झाली तर २० च्या रेघेपर्यंत भरूनही अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट जोडी झाली, म्हणजे १०० वाली बाटली आणि लाल सिरिंज, तर २० च्या जागी ५० जातात. लहान पोराचा जीव जाऊ शकतो. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा नवीन पोरगा हातात येईल ती सिरिंज देतो. दर वेळी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही तपासून मगच घ्या.

बालाघाट
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्धाकर, लगेच फोन करून बघायला सांगितलं. बाटली ४० ची आणि टोपण लाल. जिवात जीव आला. दुसरं म्हणजे आमच्याकडे फ्रिज आहे, पण उन्हाळ्यात लाइट आठ-आठ तास नसते. तेव्हा काय करायचं? आणि रात्री साखर उतरली तर ओळखायचं कसं?

वर्धाकर
न फोडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला. फ्रीझरमध्ये चुकूनही नको, मागच्या थंड भिंतीला चिकटूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं, दिसायला काही फरक नसला तरी. चालू बाटली घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे चालते. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात मी गिऱ्हाइकांना मडक्याची पद्धत सांगतो. एक मोठं मडकं आणि त्यात बसेल असं लहान मडकं घ्या. मधल्या फटीत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ ओली करा. बाटली प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. मडकं सावलीत, पण वारा लागेल अशा ठिकाणी हवं, कारण पाणी उडून जातं त्यानेच गारवा येतो. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हात हे छान चालतं. कोकणातल्या दमट हवेत तेवढा गारवा येत नाही. मडकं रोगण लावलेलं नको.

आईची_वही
रात्रीचं मी सांगते. घाम फुटणं, हात थरथरणं, एकदम भूक, चिडचिड, झोपेत कण्हणं किंवा बडबडणं. शंका आली की आधी बोट टोचून बघायचं. मशीन हाताशी नसेल तर साखर उतरली आहे असं धरूनच चालायचं. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की मग काहीतरी खायला. पेढा, चॉकलेट, बिस्किट हे पहिल्यांदा देऊ नका. त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि दवाखाना गाठायचा. अशा वेळी द्यायचं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असतं, ते तुमच्या भागात मिळेल का हे तज्ज्ञांना विचारून ठेवा.

शाळेत वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडा ठेवून या आणि मुलीच्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगून ठेवा. आमच्या मुलाची साखर उतरतेय हे बाईंच्या आधी त्याच्या मित्राला कळायचं.

निसर्गमार्ग
इतक्या लहान वयात आयुष्यभर सुया? माझ्या परिचयात एका मुलाला काढा सुरू केला आणि दोन महिन्यांत इन्सुलिन जवळजवळ बंद झालं. एकदा तेही करून बघायला काय हरकत आहे? शहराला जाण्यापेक्षा स्वस्तही पडेल.

डॉ_गावठाण
हरकत आहे, आणि ती मी स्पष्ट लिहितो. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करत असते. निदान होतं तेव्हा थोड्या पेशी शिल्लक असतात. बाहेरून इन्सुलिन सुरू झालं की त्यांच्यावरचा भार कमी होतो आणि काही आठवडे ते काही महिने त्या पुन्हा बरं काम करतात. या काळाला 'हनिमून' म्हणतात. इन्सुलिनचा डोस खूप उतरतो. नेमका याच वेळी जो कुणी काढा, पुडी, अंगारा देतो त्याला श्रेय मिळतं. नंतर त्या पेशीही जातात आणि इन्सुलिन बंद केलेलं मूल परत कीटोॲसिडोसिसमध्ये जातं. अशी मुलं मी रात्री दोन वाजता ॲडमिट करून घेतली आहेत. सगळी वाचली नाहीत.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी या आजाराची मुलं उपाशी ठेवून काही महिने जगवायचे, बास. बालाघाट, ताप आला, उलटी झाली, जेवली नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. अशा दिवशी डोस किती हे फोन करून विचारा, साखर दर दोन-तीन तासांनी बघा आणि लघवीत कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात ठेवा.

आईची_वही
आमच्याही घरी त्या काळात सासूबाईंना वाटलं होतं, देवाने ऐकलं. आमच्या मॅडमनी हे दिवस येणार आणि जाणार असं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही टोचणं थांबवलं नाही. निसर्गमार्ग, तुमच्या ओळखीतल्या त्या मुलाच्या घरी कृपा करून हे कळवा.

मांडवीकाठ
धागा मधुमेहाचा आहे, पण 'हार्मोनचा डॉक्टर कशाला' याचं उत्तर माझ्या बहिणीच्या बाबतीत इतकं लख्ख मिळालं की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तिच्या दुसऱ्या बाळंतपणात फार रक्त गेलं. चार बाटल्या चढवल्या. बाळ सुखरूप, पण हिला दूध म्हणून आलंच नाही. डब्याचं दूध लावलं. पाळी परत आली नाही, सगळे म्हणाले बरं झालं, कटकट गेली. मग कायमचा थकवा. आमच्या पणजीत कुणाला थंडी वाजते? ही मे महिन्यात शाल घेऊन बसायची. काखेतले केस गेले. चेहरा पांढुरका पडला. थायरॉइड तपासला की टीएसएच नॉर्मल. रक्त वाढायच्या गोळ्या, टॉनिक, शेवटी मनाचा आजार म्हणून झोपेच्या गोळ्या. अशी वर्षं गेली. एका साध्या जुलाबाच्या दुखण्यात ती बेशुद्ध पडली, सोडियम आणि बीपी तळाला गेलेलं.

तिथे नशिबाने एक एन्डोक्रायनॉलॉजिस्ट व्हिजिटला आले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि आईला दोनच प्रश्न विचारले. बाळंतपणात रक्त किती गेलं होतं? दूध आलं होतं का? मग कॉर्टिसॉल (आजारपणात, ताणात शरीराला तगवून धरणारं हार्मोन), टी-४ (थायरॉइडचं हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासलं, एमआरआय केला. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्या रक्तस्रावात सुकली होती. शीहान सिंड्रोम म्हणतात. कॉर्टिसॉलची जागा भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या छोट्या गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्याभरात ती स्वतःहून उठून चहा करायला गेली. औषधाचा खर्चही फार नाही. एवढी वर्षं कुणीच तो प्रश्न विचारला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉ_गावठाण
मांडवीकाठ, ताईंना माझा नमस्कार सांगा. ही गोष्ट प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने आणि आशाताईने ऐकायला हवी.

टीएसएच नॉर्मल का आला ते सांगतो. टीएसएच म्हणजे पिट्युटरीने थायरॉइडला पाठवलेली ऑर्डर. थायरॉइड आळशी असेल तर ऑर्डर वाढते आणि रिपोर्टमध्ये दिसते. इथे ऑर्डर पाठवणारंच ऑफिस बंद पडलेलं, मग आकडा वाढणार कसा? अशा वेळी टी-४ सोबत बघावा लागतो. आणखी एक धोका असा की नुसता टी-४ कमी दिसला म्हणून आधी थायरॉइडची गोळी दिली तर शिल्लक कॉर्टिसॉलही लवकर संपतं आणि पेशंट कोसळतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. हा क्रम चुकू नये म्हणूनच तो जास्तीचा तीन वर्षांचा अभ्यास.

याच्याशी जोडून एक. गुडघेदुखी, दम्यासाठी बाजारात बिनलेबलच्या पुड्या मिळतात. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड घातलेलं असतं. दुखणं जादूसारखं थांबतं, चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे येतात, साखर वाढते. ती पुडी एकदम बंद केली की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल झोपलेलं असतं, आणि बीपी पडतं. पुडी घेत असाल तर डॉक्टरांना पुडीसकट दाखवा, ओरडा बसेल म्हणून लपवू नका.

लेस्टरवासी
इंग्लंडमधून लिहितोय. इथे अशा पेशंटांना २०२० पासून स्टिरॉइड इमर्जन्सी कार्ड देतात, ते सतत खिशात ठेवायचं. मांडवीकाठ, ताईंसाठी घरीच एक करून घ्या. मराठी आणि इंग्रजीत आजाराचं नाव, गोळीचा डोस, आणि 'उलट्या होत असतील किंवा बेशुद्ध असेन तर ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या' एवढं. तापात गोळी दुप्पट करायची असते, तेही डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्या.

सातपुडा_वाट
नंदुरबारहून. एचबीए१सी या साखरेच्या रक्ततपासणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या भागात सिकलसेल बरंच आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी म्हणून येणारा हा आकडा खोटाच कमी दिसतो. माझ्या मामांचा ६.२ यायचा आणि बोटातून बघितलं की जेवणानंतर २८०. लोहाच्या कमतरतेत उलट, आकडा फुगलेला दिसू शकतो. तुमच्या घरात सिकलसेल असेल तर तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा.

बालाघाट
आमच्यात सिकलसेल नाही, पण पोरीचं हिमोग्लोबिन ९ आहे, ते सांगतो. भावाशी आणि वहिनीशी बसून बोललो, सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. संभाजीनगरला फोन केला, पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली. आई म्हणत होती, आषाढी-कार्तिकीला पोरीने उपास धरावा, तोही विषय निघाला. जाताना काय काय न्यायचं?

आईची_वही
फार बरं वाटलं. उपासाचं आजींना असं सांगा की साबुदाण्यात जवळजवळ सगळं पिठूळच असतं, साखर भाकरीपेक्षा लवकर चढते. आणि पोरीने उपाशी राहणं तर नकोच. आजींनी तिच्या वाट्याचा उपास स्वतः केला तर पांडुरंगाला चालेल.

न्यायचं म्हणजे आयसीयूचं डिस्चार्ज कार्ड, सगळे रक्ताचे रिपोर्ट, साखर मोजायचं मशीन (आकडे त्यात साठलेले असतात, नुसती वही पुरत नाही), चालू बाटली आणि सिरिंज त्याच पिशवीत, म्हणजे भरताना वहिनींचा हात त्यांना बघता येईल. सात दिवसांचं लिहून ठेवा. कधी टोचलं, किती टोचलं, काय खाल्लं, किती वाजता खेळायला गेली. वहिनींना आणि भाऊंना दोघांनाही न्या, एकाच माणसावर सगळं शिकायची वेळ येऊ देऊ नका. साखर सतत मोजणारा सेन्सर लावायचा का हे ते विचारतील. दंडावर दोन आठवडे राहतो आणि रात्रीची साखरही दिसते, पण महाग आहे. महिनाभर तरी जमत असेल तर लावून घ्या, औषधाचं गणित बसायला मदत होते. खर्चाची अडचण असेल तर ती तिथेच बोलून दाखवा, संकोच करू नका.

इन्सुलिन एसटीत वर सामानाच्या फळीवर किंवा इंजिनाजवळ ठेवू नका, मांडीवरच्या पिशवीत ओल्या रुमालात गुंडाळून घ्या. ग्लुकोजचा पुडा आणि पोळी-भाजीचा डबा सोबत असू द्या, ओपीडीत नंबर यायला दुपार होते. सकाळचा डोस आणि नाश्ता चुकवून नेऊ नका. रक्त उपाशीपोटी हवं असेल तर ते फोनवर आधीच विचारून घ्या.